विश्लेषण : ल्युवेन्हॉक यांच्या घरगुती सूक्ष्मदर्शकाचे गुपित साडेतीनशे वर्षे का टिकले?

जिवाणू पहिल्यांदा पाहणारा माणूस ना प्राध्यापक होता, ना वैद्य. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात कापडाचे दुकान थाटलेल्या अँटोनी व्हॅन ल्युवेन्हॉक यांनी घरीच घडवलेल्या सूक्ष्मदर्शकातून १६७६ मध्ये ते पाहिले आणि लंडनला कळवले. मात्र आपले सर्वोत्तम भिंग कसे तयार होते, हे त्यांनी अखेरपर्यंत कोणालाही सांगितले नाही.

कापड दुकानदार भिंगांकडे कसा वळला?

ल्युवेन्हॉक यांचा जन्म १६३२ चा. वडील टोपल्या विणत. ते लवकर वारले. सोळाव्या वर्षी मुलगा ॲमस्टरडॅमच्या एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि १६५४ मध्ये डेल्फ्टला परतून त्याने स्वतःचे दुकान काढले. कापडाची वीण पारखायला, धागे मोजायला त्या धंद्यात भिंग लागतच असे. १६६० मध्ये नगर प्रशासनात नोकरी मिळाली आणि पोटाची चिंता मिटली. पुढे ते जमीन मोजणीदार झाले, दारूच्या पिंपांची मापे तपासू लागले. लॅटिन, म्हणजे तेव्हाची विद्वानांची भाषा, त्यांना येत नव्हती. मोजमापाची सवय मात्र हाडीमाशी खिळली होती.

हे यंत्र होते कसे?

आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नळीचा सूक्ष्मदर्शक. हा तसा नव्हता. तळहातात मावतील अशा पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यात दाबून बसवलेले एकच इवलेसे भिंग आणि मागे एक टोकदार सुई. पाहायची वस्तू सुईच्या टोकावर चिकटवायची. एक स्क्रू फिरवला की ती वर-खाली सरके, दुसऱ्याने भिंगापासून जवळ-लांब. मग यंत्र डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे पाहायचे.

भिंग जितके लहान आणि गोल, तितकी वस्तू मोठी दिसते. उट्रेख्टमध्ये जपलेल्या त्यांच्या सूक्ष्मदर्शकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते आणि त्याचे भिंग जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे आहे. दोन भिंगे एकापुढे एक ठेवणाऱ्या तेव्हाच्या यंत्रांत प्रतिमा धूसर व्हायची, कडांना रंगीत झालर यायची. एकाच भिंगामुळे हा दोष बराच कमी झाला.

मिरीच्या पाण्यात काय दिसले?

मिरी तिखट का लागते, असा प्रश्न त्यांना पडला. तिच्या कणांना काटे असावेत, या समजुतीने त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. काटे सापडले नाहीत. सापडले वळवळणारे असंख्य जीव. ऑक्टोबर १६७६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला डच भाषेत लांबलचक पत्र लिहिले. तेथे अर्थातच शंका निघाल्या. ल्युवेन्हॉक यांनी यंत्र पाठवण्याऐवजी साक्षीदार उभे केले : पाद्री, नोटरी अशा आठ प्रतिष्ठितांनी आपणही हे जीव पाहिल्याचे लिहून दिले. अखेर रॉबर्ट हूक यांनी नोव्हेंबर १६७७ मध्ये लंडनमध्ये तोच प्रयोग करून सदस्यांना जीव दाखवले. १६८० मध्ये सोसायटीने या दुकानदाराला सदस्य करून घेतले. तीन वर्षांनी त्यांनी दातांवरच्या किटणातले जिवाणूही वर्णिले.

गुपित ठेवल्याने काय झाले?

घरी पाहुण्यांची रीघ लागली. रशियाचे झार पीटर द ग्रेट यांनीही त्यांचे सूक्ष्मदर्शक पाहिले. पाहुण्यांच्या हाती साधी यंत्रे दिली जात, उत्तम यंत्रे मालकाकडेच राहत. तरुणांना ही विद्या शिकवावी, असे लायबनिट्स यांनी सुचवले, तेही त्यांनी नाकारले. इतर लोक श्रेय लाटतील, ही त्यांची भीती अगदीच निराधार नसेल; पण वयाच्या नव्वदीत, १७२३ मध्ये ते गेले आणि काम पुढे नेणारा शिष्यच उरला नाही. जिवाणूंचा रोगांशी संबंध सिद्ध व्हायला पाश्चर आणि कॉख यांचा काळ, म्हणजे एकोणिसावे शतक उजाडावे लागले. सोसायटीला मृत्यूपत्राने दिलेली २६ चांदीची यंत्रेही पुढे गहाळ झाली. पाचशेहून अधिक भिंगे बनवणाऱ्या या माणसाचे मोजकेच सूक्ष्मदर्शक आज शिल्लक आहेत.

मग उलगडा कसा झाला?

भिंग घासून केले की काच वितळवून, हा वाद चालूच होता. यंत्र उघडावे तर मोडण्याची भीती. न्यूट्रॉन पितळेतून सहज आरपार जातात, म्हणून डच संशोधकांनी त्यांच्या साहाय्याने यंत्र न उघडता आतल्या भिंगाचा आकार टिपला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कमी क्षमतेच्या एका यंत्रातले भिंग घासून केलेले होते. उट्रेख्टचे मात्र वितळलेल्या काचेची जवळजवळ गोल गोळी निघाली. काचेचा बारीक धागा ओढायचा आणि त्याचे टोक ज्योतीत धरून गोळी होऊ द्यायची, अशी ही रीत. ती हूक यांनी १६६५ मध्येच, ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापली होती.