रग्बीचे मुख्याध्यापक डॉ. टॉमस अर्नोल्ड

ज्यांचें नांव त्यांच्या शाळेच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें, असे मुख्याध्यापक जगांत थोडेच झाले. इंग्लंडांतील रग्बी येथील शाळेचे डॉ. टॉमस अर्नोल्ड हे त्यांपैकीं एक होत. त्यांनीं आपल्या शाळेसाठीं काय केलें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं जाणून घेण्यासारखें आहे. आणि त्यांच्या हातून घडलेली एक मोठी चूकहि तितकीच जाणून घेण्यासारखी आहे.

अर्नोल्ड यांचा जन्म ता. १३ जून १७९५ रोजीं वाइट बेटावर झाला. त्यांचे वडील जकातखात्यांत अधिकारी होते. परंतु अर्नोल्ड अगदीं लहान असतांनाच ते वारले. विंचेस्टर येथील शाळेंत व पुढें ऑक्सफर्ड येथें त्यांचें शिक्षण झालें. १८१५ सालीं ते ओरिएल कॉलेजचे फेलो झाले. नंतर थेम्स नदीकांठच्या लेलहॅम गांवीं राहून त्यांनीं कांहीं वर्षें विद्यार्थ्यांना आपल्या घरीं ठेवून शिकविलें. १८२८ सालीं रग्बीच्या मुख्याध्यापकाची जागा त्यांस मिळाली.

त्या काळचीं इंग्लंडांतील पब्लिक स्कुलें नांवानें सार्वजनिक असलीं, तरी तेथें मुख्यत्वेंकरून सधन घरांतील मुलें वसतिगृहांत राहून शिकत. शिस्तीची स्थिति मात्र शोचनीय होती. थोरल्या मुलांनीं धाकट्यांचा छळ करावा, हें नित्याचेंच झालें होतें. खुद्द रग्बींत १७९७ सालीं मुलांनीं बंड केलें, तेव्हां तें मोडण्यास सैनिक बोलवावे लागले होते.

अशा शाळेचा भार अर्नोल्ड यांनीं आपल्या शिरावर घेतला. सर्वांत वरच्या वर्गास ते स्वतः शिकवीत. त्या वर्गांतील मुलांवर त्यांनीं धाकट्यांच्या वर्तनाची जबाबदारी सोंपविली आणि अधिकाराबरोबर कर्तव्यहि येतें, ही जाणीव त्यांच्या ठिकाणीं उत्पन्न केली. ग्रीक व लॅटिन यांच्या जोडीला गणित, फ्रेंच व अर्वाचीन इतिहास या विषयांस त्यांनीं मानाचें स्थान दिलें. सहशिक्षकांचा दर्जा वाढविला व शाळेच्या कारभारांत त्यांचा सल्ला घेण्याचा प्रघात पाडला. १८३१ पासून शाळेच्या उपासनामंदिराची सेवाहि त्यांनीं आपणाकडे घेतली. दर रविवारीं ते मुलांना उपदेश करीत. कामाची त्यांस हौस होती, परंतु विश्रांतीची फारशी संवय नव्हती.

मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवणें, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. अशा मनुष्याशीं खोटें बोलणें मुलांनाच लाजिरवाणें वाटूं लागलें. तथापि त्यांचा स्वभाव तापट होता, आणि १८३२ च्या सुमारास या स्वभावानें त्यांचा घात केला. परीक्षा घेत असतां त्यांनीं एका मुलास पुस्तकाचा कांहीं भाग विचारला. तो भाग आपल्या वर्गांत झालाच नसल्याचें मुलानें सांगितलें. शिक्षकांनीं मात्र तो झाला असल्याचें सांगितलें. अर्नोल्ड संतापले, त्यांनीं मुलास लबाड ठरविलें व वेताचे १८ फटके मारले. मागाहून चौकशी होतां मुलगाच खरा ठरला.

आतां काय करावें? गप्प बसणें सोपें होतें. मुख्याध्यापकाचा दरारा राखण्यासाठीं तसें करणारे पुष्कळ सांपडतील. अर्नोल्ड यांनीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि ती सर्व शाळेसमक्ष मागितली. त्यामुळें अंगावर उठलेले वळ पुसले गेले नाहींत, आणि वृत्तपत्रांची टीकाहि चुकली नाहीं. परंतु जो नियम ते मुलांना शिकवीत होते, त्यांतून त्यांनीं स्वतःस वगळलें नाहीं.

१८४१ सालीं ऑक्सफर्ड येथें अर्वाचीन इतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तरीहि रग्बी त्यांनीं सोडली नाहीं. ता. १२ जून १८४२ रोजीं, सत्तेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, हृदयविकारानें ते अकस्मात् वारले. शाळेच्या उपासनामंदिरांतच त्यांचें दफन झालें. त्यांचे थोरले पुत्र मॅथ्यू हे कवि व टीकाकार म्हणून प्रसिद्धीस आले; दुसरे एक पुत्र विल्यम हे आपल्या देशांत पंजाबच्या शिक्षणखात्याचे प्रमुख झाले व १८५९ सालीं स्वदेशीं परततांना वाटेंत जिब्राल्टर येथें वारले.

विद्यार्थिमित्रहो, आपले गुरुजन कधीं चुकणारच नाहींत, अशी अपेक्षा तुम्ही बाळगूं नका. पालकांनींहि ती बाळगूं नये. परंतु चूक ध्यानीं येतांच लहानग्यापुढेंहि मान लवविण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं असावें, एवढी अपेक्षा करण्याचा तुम्हांस हक्क आहे. शाळेचा भार वाहणाऱ्याची निष्ठा त्याच्या परिश्रमांत दिसते. पण तिची खरी पारख अशा अवघड क्षणींच होते.