बालगंधर्व : रंगमंचावरून माजघरात उतरलेला साज

रंगमंचावरची भरजरी, डोळे दिपवणारी वेशभूषा प्रत्यक्ष आयुष्यात नेसता-वापरता येते का, हा प्रश्न आजच्या फॅशन शोच्या निमित्ताने वारंवार विचारला जातो. महाराष्ट्राने त्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच शोधले होते आणि ते दिले होते एका पुरुषाने. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

२६ जून १८८८ रोजी जन्मलेल्या नारायणरावांच्या घराण्याचे नाते सांगली जिल्ह्यातील नागठाण्याशी होते. फलटण, औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचा हा टापू. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीतच मराठी नाटकाचा पाया घातला होता. नारायणाच्या कानावरील उपचारांसाठी राजर्षी शाहू महाराजांनी त्याला मिरजेला पाठविले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीची वाटही त्यांनीच दाखविली. १९०५ मध्ये 'शाकुंतल'मधील शकुंतलेच्या रूपाने हा गोड गळ्याचा तरुण रंगभूमीवर आला.

कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे त्या काळी निषिद्ध होते. त्यामुळे स्त्री कशी दिसावी, हे पुरुष नटच ठरवीत. बालगंधर्वांनी त्यासाठी घरंदाज स्त्रियांचे चालणे, बसणे, पदर सावरणे बारकाईने टिपले आणि त्यावर शालू, पैठणी, शेला, दागिने आणि अत्तरांचे वैभव चढविले. १९११ च्या 'मानापमान'मध्ये त्यांची भामिनी श्रीमंतीच्या दिमाखात आली आणि पुढे साध्या वनमालेचा वेश घेऊन वावरली. वस्त्रावरून माणसाची पारख करावी का, हाच त्या नाटकाचा विषय. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी दगावली. तरीही प्रयोग झाला.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ च्या 'स्वयंवर'मधील रुक्मिणीने प्रेक्षकांना वेड लावले. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया नाटक पाहून घरी परतत, ते त्यांची ढब मनात साठवूनच. मात्र, त्यांनी सारेच उचलले नाही. भारी शालू आणि अंगभर दागिने रोजच्या संसारात झेपणारे नव्हते. पदर घेण्याची तऱ्हा, अंबाड्याचा घाट, गजरा माळण्याची रीत हे मात्र पैशावाचून जमणारे होते. तेच माजघरात उतरले. पुरुषांनीही 'गंधर्व टोपी' डोक्यावर चढविली.

१९१९ मध्ये राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू साकारताना याच नटाने दळण दळणाऱ्या, दारिद्र्याने पिचलेल्या पत्नीचे जुनेर अंगावर घेतले. तरीही प्रेक्षकांच्या डोळ्यांना पाणी आले. त्यांच्या रूपाची सारी जादू जरीत नव्हती, हे त्या वेळी सिद्ध झाले.

या वैभवाची किंमत मोठी होती. उंची वस्त्रे, अस्सल दागिने, गालिचे आणि अत्तरे यांवर सढळ हाताने पैसा गेला. मंडळी कर्जात बुडाली. भागीदार बाजूला झाले, पण बालगंधर्वांनी सारा बोजा स्वतःच्या शिरावर घेतला. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्यासह 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग करून त्यांनी मदतही उभारली.

पुढे काळ बदलला. बोलपट आले. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियाच स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. १९३५ च्या 'धर्मात्मा' या प्रभातच्या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची पुरुषभूमिका केली. पण मन तेथे रमले नाही. ते पुन्हा लुगड्याकडे वळले. वय मात्र थांबले नव्हते. ज्या साजाने हजारो स्त्रियांना सजविले, तो त्यांच्याच थकलेल्या देहावर उतारवयात शोभेनासा झाला.

१९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी, त्यांच्या जन्मदिनी, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर खुले झाले.

अतिरंजित वेश जसाच्या तसा कधीच अंगावर येत नाही. त्यातले पेलवेल तेवढेच समाज ठेवून घेतो. बालगंधर्वांचे शालू काळाच्या पडद्याआड गेले, पण लग्नसमारंभात अंबाड्यावर गजरा माळताना मराठी स्त्री आजही नकळत त्या वारशाला हात लावते.