मोनिकेचा मुलगा : संत ऑगस्टीन

मुलगा सोळा वर्षांचा झाला म्हणजे वडिलांच्या चपला त्याच्या पायाला येऊ लागतात, आणि आईचे बोलणे त्याला नकोसे होते. हा अनुभव घरोघरचा आहे. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील एका आईनेही तो घेतला होता. तिचे नाव मोनिका. तिचा मुलगा पुढे संत ऑगस्टीन म्हणून जगाला ठाऊक झाला.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या लहानशा गावी झाला. ते गाव आजच्या अल्जीरिया देशात येते. त्या काळी तेथे रोमन साम्राज्याचा अंमल होता. वडील पॅट्रिशियस जुन्या रोमन देवतांना मानणारे व तापट. आई ख्रिस्ती आणि सोशिक. मुलगा बुद्धीने तल्लख, म्हणून ऐपत बेताची असूनही वडिलांनी त्याला मदौरा गावी शिकायला ठेवले. सोळाव्या वर्षी पैसे अपुरे पडले आणि मुलगा घरी येऊन बसला. पुढच्या शिक्षणाची तजवीज होईपर्यंत त्याला काही उद्योग नव्हता.

मुलगा वयात आलेला पाहून वडिलांना नातवंडांची स्वप्ने पडू लागली. आईच्या पोटात मात्र भीतीचा गोळा उठला. तिने त्याला एकांतात बजावले. पण तो बायकी उपदेश ऐकायची त्याला लाज वाटली. मित्रांच्या बैठकीत जो तो आपल्या दुष्कृत्यांची फुशारकी मारी. आपण कमी पडू नये म्हणून ऑगस्टीन न केलेल्या गोष्टीही केल्या म्हणून सांगे. एके रात्री या टोळक्याने त्याच्या घरच्या द्राक्षमळ्याजवळील नासपतीचे झाड झोडपून सगळी फळे पळविली. ती ना दिसायला चांगली, ना चवीला. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली.

भूक नव्हती, गरज नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? चाळिशी ओलांडल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात ऑगस्टीनांनी हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला आहे. जे करू नये ते करण्यातच गोडी वाटली, आणि एकटा असतो तर ते केले नसते, असे त्यांना दिसून आले. म्हणजे मोह फळाचा नव्हताच. चारचौघांत मागे न पडण्याचा तो मोह होता.

पुढे गावच्या एका धनिकाच्या मदतीने तो कार्थेज शहरी गेला. वडील वारले. तेथे एका स्त्रीबरोबर त्याने विवाहाविना संसार मांडला आणि त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव अदेओदातुस, म्हणजे आपल्याकडील देवदत्तच. याच काळात ऑगस्टीन मानी पंथाच्या नादी लागला व सुमारे नऊ वर्षे त्यात राहिला. मोनिकेने काही काळ त्याला घराचे दार बंद केले, मग पुन्हा उघडले. तिने एका बिशपांना त्याची समजूत घालण्याची गळ घातली. वाद घालून उपयोग नाही, प्रार्थना कर, असेच ते सांगत राहिले; आणि जिच्या डोळ्यांना एवढे पाणी आहे तिचा मुलगा हातचा जाणार नाही, असा दिलासाही त्यांनी दिला. ३८३ साली आईला फसवून तो रातोरात रोमला निघून गेला. ती मागोमाग मिलानपर्यंत पोहोचली.

मिलानला तो वक्तृत्वाचा अध्यापक झाला. तेथे मोनिकेच्या पुढाकाराने त्याच्यासाठी मोठ्या घरचे स्थळ ठरले, आणि इतकी वर्षे सोबत राहिलेल्या त्या स्त्रीला मुलगा मागे ठेवून आफ्रिकेला परत जावे लागले. भगिनींनो, तिचे नावदेखील त्यांनी कोठे लिहिलेले नाही. आपले हृदय फाटले, एवढे मात्र लिहिले. तरीही लग्नाची मुलगी वयाने लहान, म्हणून वाट पाहण्याच्या काळात त्याने दुसरी स्त्री आणलीच. विद्वत्ता होती, पश्चात्ताप होता. पण मन ताब्यात नव्हते.

३८६ साली एका बागेत तो असा रडत असता पलीकडून लहान मुलाचा आवाज आला. उचलून वाच, असे ते मूल म्हणत होते. त्याने पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, आणि वर्षानुवर्षांचा झगडा त्या क्षणी संपला. ३८७ च्या ईस्टरला बिशप अँब्रोज यांनी त्याला व देवदत्ताला बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी मायदेशी परतताना ओस्तिया बंदरात मोनिकेने वयाच्या ५६ व्या वर्षी देह ठेवला. देवदत्तही थोड्याच वर्षांत गेला.

आईविषयी लिहिताना ऑगस्टीनांनी एक गोष्ट लपविली नाही. लहानपणी पिंपातून द्राक्षमद्य काढायला पाठविले की मोनिका चोरून घोट घेई, आणि हळूहळू पेलाभर पिऊ लागली. एकदा भांडणात दासीने तिला बेवडी म्हणून हिणविले. ते तिला इतके झोंबले की ती सवय तेथेच सुटली. रागाने बोललेल्या दासीच्या तोंडूनही देवाने काम करून घेतले, असे त्यांना वाटले. कृपा म्हणजे काय, हे ते यातून शिकले. आपल्या बळावर माणूस निर्दोष होऊ शकतो, असे पेलाजियस सांगे. चांगले वागण्याची इच्छासुद्धा देवाचे देणे आहे, असे ऑगस्टीनांनी मांडले. हिप्पो शहराचे बिशप असताना, व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला असता, २८ ऑगस्ट ४३० रोजी ते वारले.

जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांच्या नावाच्या पंथाने बांधलेल्या चर्चचा पडका मनोरा आजही उभा आहे. त्याच्याजवळच १६०६ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मठाला संत मोनिकेचे नाव दिले आहे. घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाची काळजी लागलेल्या कोणा भगिनीचे तिकडे जाणे झाले, तर तिने मुलाचा मनोरा पाहावाच, पण आईच्या मठापाशीही घटकाभर थांबावे.