माधव जूलियन

माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म : बडोदा, २१ जानेवारी १८९४, मृत्यू : २९ नोव्हेंबर १९३९) हे मराठी कवी, कोशकार आणि छंदःशास्त्राचे अभ्यासक होते. मराठीत गज्जल व रुबाई हे फार्सी काव्यप्रकार रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी होते. प्रेम हा त्यांच्या कवितेचा जवळजवळ अखंड विषय असल्यामुळे 'प्रणयपंढरीचे वारकरी' असे त्यांना संबोधले गेले.

शिक्षण आणि टोपणनाव

पटवर्धनांचे शिक्षण बडोदा व मुंबई येथे झाले. १९१८ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून एम.ए. झाले. फार्सी आणि इंग्रजी हे त्यांचे आवडीचे विषय होते. मराठी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने संस्कृत सोडून फार्सीकडे वळणे त्या काळी सर्रास घडत नसे. पुढे त्यांच्या काव्याला आणि शास्त्रीय लेखनालाही जे वळण लागले त्याचे मूळ या निवडीत आहे.

'जूलियन' हे नाव त्यांनी शेली या इंग्रज कवीच्या 'ज्यूलियन अँड मॅडलो' या संवादकाव्यावरून घेतले, असे सांगितले जाते. त्यातील ज्यूलियन हा माणसाच्या स्वातंत्र्यावर व सुधारण्याच्या शक्तीवर विश्वास ठेवणारा तरुण आहे. त्याच काव्यात प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेला एक अनामिकही भेटतो. कवीने नाव एकाचे घेतले असले, तरी पुढच्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला दोघांचेही थोडे थोडे आले, असे म्हणता येईल.

पुण्यातील वर्षे

१९१८ मध्ये पटवर्धन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे प्राध्यापक झाले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे आणि अविवाहित होते. त्या काळचे पुणे दोन अंगांनी समजून घ्यावे लागते. एकीकडे महाविद्यालयांत मुली शिकू लागल्या होत्या आणि सुशिक्षित तरुण-तरुणींना एकमेकांशी बोलण्याचे थोडे प्रसंग मिळू लागले होते. दुसरीकडे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत शिक्षकाकडे त्यागी, व्रतस्थ पुरुष म्हणून पाहिले जाई. अल्प वेतनावर आयुष्य वाहणारे आजीव सदस्य ही या संस्थेची ओळख होती, आणि शिक्षकाचे खासगी आयुष्य हा सार्वजनिक चर्चेचा विषय मानला जात असे. विवाह वडीलधाऱ्यांनी जुळवायचा असतो, हा समज सुधारक घरांतूनही फारसा ढळलेला नव्हता. स्वतः प्रेम करून जोडीदार शोधावा अशी आकांक्षा बाळगणाऱ्या तरुण प्राध्यापकाला या शहरात मोकळी जागा थोडीच होती.

ती जागा त्यांना कवितेत आणि मित्रमंडळीत मिळाली. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले आणि नाट्यछटाकार दिवाकर ही त्यातील अन्य मंडळी. एकत्र जमावे, चहा घ्यावा, एकमेकांच्या कविता ऐकून त्यांची चिकित्सा करावी, असा त्यांचा क्रम असे. मंडळाने कविता गाऊन दाखवण्याची प्रथा लोकप्रिय केली आणि कवितेला श्रोता मिळवून दिला. रानडे पतिपत्नी दोघेही कवी होते, आणि त्यांचे सहजीवन मंडळींच्या डोळ्यांसमोर होते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

याच काळात पटवर्धनांची शैली आकाराला आली. मराठीत प्रेमकविता त्यांच्याआधी नव्हती असे नाही. केशवसुत आणि गोविंदाग्रज यांनी ती लिहिलीच होती. परंतु आर्जव, रुसवा, उपरोध, मद्यशाळेची प्रतिमा, निष्ठुर प्रिय व्यक्ती आणि बेपर्वा प्रेमिक हा सारा सरंजाम त्यांनी फार्सीतून आणला, आणि त्याबरोबर त्या भाषेची वृत्ते व शब्दही आणले. स्वतःच्या मनातले थेट सांगणे जिथे अवघड होते, तिथे हा परका पोशाख त्यांच्या उपयोगी पडला असावा. त्यांच्या काही कवितांत फार्सी शब्दांची दाटी वाचकाला अडखळवते, हे मात्र मान्य करायला हवे.

फर्ग्युसनमध्ये असताना एका विद्यार्थिनीशी असलेल्या त्यांच्या स्नेहसंबंधावरून वादळ उठले. प्राध्यापकाने विद्यार्थिनीविषयी प्रेमभावना बाळगणे हे त्या वातावरणात अक्षम्य ठरले, आणि १९२४-२५ च्या सुमारास त्यांना महाविद्यालय सोडावे लागले. हा विवाह झाला नाही. नोकरी, प्रतिष्ठा आणि प्रेम ही तिन्ही एकाच वेळी गमावल्यानंतरची तीन-चार वर्षे अस्थिरतेची गेली. १९२५ मध्येच प्र. के. अत्रे यांचा 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात रविकिरण मंडळाच्या कवींच्या लकबींची यथेच्छ टिंगल होती. तो संग्रह आजही हसवतो. पण ज्यांच्यावर तो होता त्यांतील एकाचे ते वर्ष कसे गेले असेल, हेही तो वाचताना ध्यानात ठेवावे.

याच वर्षी पटवर्धनांचा 'फार्सी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे फार्सी शब्दांनी भरलेली असल्याने इतिहासाच्या अभ्यासकांना तो फार उपयुक्त ठरला. पाठोपाठ १९२६ मध्ये 'विरहतरंग' हे खंडकाव्य आले. महाविद्यालयीन वातावरणातील विफल प्रेमाची ही कथा आहे. कवीच्या चरित्राशी तिचा संबंध वाचकांनी तत्काळ जोडला. तसा तो जोडला तरी हे काव्य आत्मचरित्र नव्हे. 'सुधारक' (१९२८) या काव्यात मात्र त्यांनी समाजावर उपहासाचे शस्त्र उघडपणे चालवले.

कोल्हापूर

१९२८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले. त्याच सुमारास लीलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. स्थैर्य आल्यावर त्यांचे लेखन वेगाने झाले. उमर खय्यामच्या रुबायांचा मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद १९२९ मध्ये, तर फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून केलेली 'द्राक्षकन्या' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली. 'गज्जलांजलि' (१९३३), 'स्वप्नरंजन' (१९३४) आणि 'तुटलेले दुवे' (१९३८) हा सुनीतांचा संग्रह ही त्यांची या काळातील काव्यनिर्मिती होय. 'प्रेमस्वरूप आई' ही त्यांची कविता तर पाठ्यपुस्तकांमुळे घरोघर पोहोचली. प्रणयाचा कवी म्हणून गाजलेल्या माणसाची सर्वांत परिचित कविता आईवरची असावी, हा योगायोग गमतीचा आहे.

त्यांच्या गज्जला पुष्कळदा एकाच भावनेभोवती सलग फिरतात. प्रत्येक शेर स्वतंत्र असावा हा फार्सी-उर्दूतील संकेत त्यांनी सर्वत्र पाळला नाही. पुढे सुरेश भटांनी या प्रकाराला मराठीत जे रूप दिले ते यामुळे बरेच वेगळे दिसते.

'छंदोरचना' हा त्यांचा सर्वांत टिकाऊ ग्रंथ. त्याची पहिली आवृत्ती १९२७ ची असून मोठी सुधारून वाढवलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली. अक्षरसंख्येवर चालणारे छंद, मात्रांवर चालणाऱ्या जाती आणि लघुगुरूंच्या ठरावीक क्रमावर चालणारी वृत्ते अशी मराठी पद्यरचनेची व्यवस्था त्यांनी यात लावली. आनंदकंद, व्योमगंगा यांसारखी वृत्तनामे गज्जल लिहिणारे आजही वापरतात. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली, मराठी विषयातील ही पहिलीच डी.लिट. होती. १९३६ मध्ये जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

उत्तरकाळात त्यांच्या भाषेने उलटे वळण घेतले. ज्यांनी फार्सी शब्दांनी कविता सजवली तेच भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले, आणि 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) हे पुस्तक त्यांनी लिहिले. वि. दा. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा तो काळ होता. या बदलाला कोणी विसंगती म्हणतात. परंतु कोशकार या नात्याने मराठीतील कोणता शब्द कोठून आला हे त्यांच्याइतके नेमके थोड्यांनाच ठाऊक होते. त्यामुळे त्यांचा आग्रह निव्वळ भावनेचा नव्हता.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. खय्यामच्या रुबायांचा त्यांचा आणखी एक अनुवाद, 'मधुलहरी', १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. लीलाबाई पटवर्धन यांनी पुढे आपल्या सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. त्या पुस्तकाचे नाव 'आमची अकरा वर्षे' असे आहे.