कानाच्या डॉक्टरांचा मुलगा

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीराजवळील एका गल्लीत ‘हॉटेल दाल्सास’ नावाचे साधे हॉटेल होते. १० ऑक्टोबर १९०० रोजी तेथील एका खोलीत एका रुग्णाच्या उजव्या कानावर शस्त्रक्रिया झाली. सेबॅस्टियन मेलमॉथ या नावाने वावरणारा हा रुग्ण म्हणजे प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड. पाच वर्षांपूर्वी लंडनमध्ये एकाच वेळी दोन नाट्यगृहांत त्याची नाटके सुरू होती. आता हॉटेलचे बिल भागवण्याचीही त्याची ऐपत राहिली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर तो हिंडू-फिरू लागला, बरा होत आहे असे वाटले आणि सात आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. कानातला संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. हा धोका वैद्यकीय जगासमोर ठळकपणे मांडणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होते त्याचे स्वतःचे वडील.

सर विल्यम वाइल्ड हे आयर्लंडमधील नामांकित नेत्र व कर्णशल्यचिकित्सक. त्यांचा जन्म १८१५ चा. १८४४ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये डोळे व कानांच्या रोगांसाठी सेंट मार्क्स रुग्णालय सुरू केले. तेथे गोरगरिबांवर उपचार होत. त्या काळी कानाच्या रोगांकडे डॉक्टरमंडळी फारशी वळत नसत. कानात नीट पाहण्याआधीच तेल, अर्क किंवा आग करणारी औषधे ओतली जात. विल्यम वाइल्ड यांनी या प्रकारावर कडक टीका केली. नळीसारखे उपकरण कानात घालून उजेडात पडदा पाहायचा, रोग नेमका कुठे आहे हे ठरवायचे आणि मगच औषध द्यायचे, असा त्यांचा आग्रह होता. १८५३ मध्ये त्यांनी कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. वाहणारा कान किरकोळ समजू नये, कारण तो स्राव थांबेपर्यंत त्याचा शेवट कशात होईल हे कोणालाच सांगता येत नाही, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. कानामागच्या हाडात पू साठल्यास तो काढण्यासाठी कानामागे छेद घेण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्या छेदाला आजही त्यांचेच नाव आहे.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १८५४ रोजी, ऑस्करचा जन्म झाला. आई जेन कवयित्री होती. घरात पुस्तके, पाहुणे आणि गप्पा यांची रेलचेल असे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून तो ऑक्सफर्डला गेला. तो तेथे शिकत असतानाच, १८७६ मध्ये, वडील वारले. पुढे ऑस्करने व्याख्यानांसाठी अमेरिकेचा दौरा केला, १८८४ मध्ये कॉन्स्टन्स लॉइडशी लग्न केले, त्यांना दोन मुलगे झाले. कथा, कादंबरी आणि मग विनोदी नाटके यांमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

१८९५ हे वर्ष त्याच्या यशाचे शिखर ठरले आणि घसरणीची सुरुवातही त्याच वर्षी झाली. फेब्रुवारीत त्याचे सर्वांत गाजलेले नाटक रंगभूमीवर आले आणि २५ मे रोजी समलैंगिक संबंधांच्या आरोपाखाली त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. निकृष्ट अन्न, अतिसार आणि झोपायला लाकडी फळी यांमुळे त्याची तब्येत झपाट्याने ढासळली. वॉन्ड्सवर्थ तुरुंगाच्या प्रार्थनागृहात तो भोवळ येऊन पडला व उजव्या कानाला मार बसला, असे सांगितले जाते. जुलै १८९६ मध्ये त्याने रेडिंग तुरुंगातून गृहमंत्र्यांकडे अर्ज केला. त्यात कानाची तक्रार सविस्तर होती. उजव्या कानात गळू होऊन पडद्याला छिद्र पडले आहे, तुरुंगात आल्यापासून कान सतत वाहतो आहे आणि ऐकू येणे आठवड्यागणिक कमी होत आहे, असे त्याने कळवले. उपचार म्हणावा तर तपासणीपुरता तीन वेळा साध्या पाण्याने कान धुतला गेला होता. दुसऱ्या कानाचेही असेच होईल, ही भीतीही त्याने मांडली होती. या अर्जानंतर त्याला जास्त पुस्तके आणि लेखनसाहित्य मिळाले. शिक्षा मात्र कमी झाली नाही.

वाइल्डचा आजार समजून घेण्यासाठी कानाची रचना थोडक्यात पाहायला हवी. कानाचे तीन भाग असतात. बाहेरच्या पाळीपासून पडद्यापर्यंतची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी हा बाह्यकर्णाचा भाग. पडद्यामागची हवेने भरलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. त्याच्याही आत ऐकण्याचे व तोल सांभाळण्याचे काम करणारा अंतर्कर्ण असतो.

बाह्यकर्णाचा संसर्ग हा मुळात त्वचेचा आजार आहे. पोहताना किंवा अंघोळीत पाणी कानात राहिले, पिन, काडी किंवा कापसाच्या बडने नळी खरवडली गेली, की त्वचेचे संरक्षण मोडते आणि जंतू किंवा बुरशी तेथे वाढते. पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशीचा त्रास अधिक दिसतो. नळीची त्वचा पातळ असते आणि तिच्याखाली लगेच कूर्चा व हाड असल्याने सुजेला पसरायला जागाच नसते. म्हणून हे दुखणे जीव नकोसा करते. कानाची पाळी ओढली किंवा कानाच्या तोंडाजवळचा उंचवटा दाबला तरी कळ येते. दुखणे असे तीव्र असले तरी योग्य थेंब सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतार पडतो आणि बहुतेक रुग्ण आठवड्या-दीड आठवड्यात बरे होतात.

मध्यकर्णाच्या जुनाट संसर्गाची चाल वेगळी असते. पडद्याला छिद्र असते, त्यातून अधूनमधून पू येतो, ऐकू कमी येते. पण कान बरेचदा दुखत नाही. वेदना नसल्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे कापूस घालून दिवस काढतो. काहींमध्ये पडद्याची त्वचा आत शिरते. तेथे मृत त्वचेचे थर साचून कोलेस्टिआटोमा नावाचा गोळा तयार होतो. ही कर्करोगाची गाठ नाही. पण ती आजूबाजूचे हाड हळूहळू पोखरते. मध्यकर्ण आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्राच असतो. तो झिजला की जंतूंना वाट मिळते.

मे १८९७ मध्ये वाइल्डची सुटका झाली. तो इंग्लंड सोडून फ्रान्सला गेला आणि पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. तुरुंगावरचे त्याचे दीर्घकाव्य १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले. मुलांची भेट कायमची तुटली होती. मित्रांच्या मदतीवर तो पॅरिसमध्ये राहत होता. कानाचा त्रास संपलेला नव्हता, आणि १९०० च्या शरद ऋतूत तो इतका वाढला की शस्त्रक्रियेशिवाय इलाज उरला नाही.

शस्त्रक्रियेनंतर रोज जखमेची मलमपट्टी होत असे. २९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वाइल्ड मित्र रॉबर्ट रॉस याच्यासह बाहेर पडला आणि कॅफेत बसून त्याने मद्यही घेतले. दुसऱ्या दिवशी त्याला सर्दी झाली आणि कान ठणकू लागला. डॉक्टरांना तेव्हा फार चिंता वाटली नाही. पण नोव्हेंबरमध्ये वेदना वाढत गेल्या. वेदनाशामकांचा उपयोग होईना. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो असंबद्ध बडबडू लागला. २७ नोव्हेंबरला दोन डॉक्टरांनी लेखी निदान केले. उजव्या कानातून अनेक वर्षे येणाऱ्या पुवामुळे मेंदू व त्याच्या आवरणांना दाह झाला होता. कवटी उघडून पू काढण्याचा विचार झाला. पण नेमके कुठे छेद द्यायचा हे कळण्याचा मार्ग नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागून पाचच वर्षे झाली होती आणि मेंदूचे चित्र दाखवणारा सीटी स्कॅन कित्येक दशके दूर होता. पेनिसिलिनचा शोधही १९२८ चा. ३० नोव्हेंबर १९०० रोजी दुपारी वाइल्डने प्राण सोडला. त्याचे वय ४६ होते.

पुढे काही चरित्रकारांनी हा मृत्यू सिफिलिसमुळे झाल्याचे लिहिले. बदनामीच्या कहाणीला तो शेवट शोभणारा होता, त्यामुळे तो लोकांच्या मनात रुजलाही. मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २००० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील दोन डॉक्टरांनी उपलब्ध पुरावा तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. सिफिलिसला आधार नसून मध्यकर्णाचा जुनाट रोग, बहुधा कोलेस्टिआटोमा, मेंदूपर्यंत पसरल्याने मृत्यू झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. विल्यम वाइल्ड यांनी आपल्या ग्रंथात ज्याबद्दल बजावले होते, तेच हे दुखणे.

आज असा शेवट टाळता येतो. त्यासाठी आजार कानाच्या कोणत्या भागात आहे हे आधी कळावे लागते. दुखऱ्या कानात कोमट तेल किंवा लसणाचे तेल सोडण्याची सवय घरोघरी आहे. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात जाते. काही प्रकारचे कानाचे थेंबही छिद्र असताना हानिकारक ठरू शकतात. म्हणून डॉक्टर आधी कानात पाहतात, मग औषध लिहून देतात.

बाह्यकर्णाच्या संसर्गातून बरे होताना पथ्य साधे असते. थेंबांची बाटली काही मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. गार थेंबांनी गरगरते. कुशीवर निजून थेंब टाकावेत आणि तीन ते पाच मिनिटे तसेच पडून राहावे. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा आणि अंघोळ झाली की काढून टाकावा. पूर्ण बरे होईपर्यंत पोहणे, इअरफोन आणि कान कोरणे बंद ठेवावे. ठणका थांबला तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत थेंब चालू ठेवावेत, कारण सूज उतरली तरी त्वचा पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर पुन्हा दाखवावे. दुर्गंधीयुक्त स्राव, वारंवार वाहणारा कान किंवा कमी झालेली श्रवणशक्ती असेल, तर दुखत नसले तरी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. पडद्याचे छिद्र बुजवणाऱ्या आणि कोलेस्टिआटोमा काढणाऱ्या शस्त्रक्रिया आता नियमितपणे होतात. चक्कर, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, कानामागे सूज, ताप व तीव्र डोकेदुखी दिसल्यास मात्र रुग्णालय गाठण्यास उशीर करू नये. मधुमेह असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी साधी वाटणारी कानदुखीही अंगावर काढू नये. त्यांच्यात बाह्यकर्णाचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.

ऑस्कर तुरुंगातून सुटला त्याच वर्षी, १८९७ मध्ये, वडिलांचे सेंट मार्क्स रुग्णालय दुसऱ्या एका रुग्णालयात विलीन झाले आणि डब्लिनचे रॉयल व्हिक्टोरिया नेत्र व कर्ण रुग्णालय उभे राहिले. ते आजही सुरू आहे.