सिझेरियननंतर डोकं का ठणकतं? याचं उत्तर स्वतः नऊ दिवस अंथरुणात काढून शोधणारा डॉक्टर

सिझेरियन नीट पार पडतं. बाळ-बाळंतीण सुखरूप असतात. घरात पेढे वाटून होतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाला पाजायला उठून बसलं की बाईचं डोकं असं काही ठणकायला लागतं की विचारायची सोय नाही. आडवं झालं की थांबतं, बसलं की परत सुरू. मग कुणी म्हणतं वारा लागला, कान बांधा. कुणी म्हणतं जागरणामुळे होतंय.

पण या दुखण्याचं खरं कारण सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन डॉक्टरला कळलं होतं. तेही पुस्तकात वाचून नाही, तर स्वतःच्या अंगावर काढून.

त्याचं नाव ऑगस्ट बियर.

बियर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ चा, जर्मनीतल्या हेल्सेन गावचा. मेडिकलचं शिक्षण घेऊन ते कील शहरात एस्मार्क या नामांकित सर्जनच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळात ऑपरेशन म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवून पेशंटला पूर्ण बेशुद्ध करणं. त्यात उलट्या व्हायच्या, श्वास अडकायचा, कधी माणूस दगावायचाही. फक्त पायाचं ऑपरेशन करायचं तर अख्खा माणूस बेशुद्ध कशाला करायचा, हा प्रश्न बियर यांना पडला होता.

त्याच कीलमध्ये १८९१ साली क्विंके नावाच्या डॉक्टरने कमरेतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढायची पद्धत मांडली होती. आपला मेंदू आणि मज्जारज्जू याच पाण्यात तरंगत असतात. बियर यांनी विचार केला, त्याच वाटेने बधिर करणारं औषध आत सोडलं तर?

१६ ऑगस्ट १८९८. घोट्याला टीबी झालेला ३४ वर्षांचा एक मजूर. बियर यांनी त्याच्या मणक्यात १५ मिलिग्रॅम कोकेन सोडलं. तेव्हा बधिर करायला कोकेनच वापरत. पेशंट जागा होता आणि ऑपरेशन झालं तरी त्याला पायात दुखलं नाही.

पण नंतर त्याचं डोकं दुखलं, उलट्या झाल्या. पुढच्या काही पेशंटनाही असाच त्रास झाला. हे कशामुळे होतंय ते बघायचं तर प्रयोग स्वतःवर करायचा, असं बियर यांनी ठरवलं.

२४ ऑगस्टला त्यांचे असिस्टंट हिल्डेब्रांट यांनी बियर यांच्या कमरेत सुई घातली. घोळ असा झाला की सिरिंज त्या सुईवर बसेचना. औषध आत गेलंच नाही, उलट मणक्यातलं बरंच पाणी वाहून गेलं.

मग हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. यावेळी सिरिंज बसली, पाय बधिर झाले. बियर यांनी त्यांच्या मांडीत सुई टोचली, पेटती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. हिल्डेब्रांट यांना काहीच दुखलं नाही. प्रयोग यशस्वी झाला म्हणून दोघांनी रात्री वाईन आणि सिगारवर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी बियर यांचं डोकं ठणकायला लागलं. उभं राहिलं की चक्कर आणि डोकेदुखी, आडवं झालं की सगळं गायब. त्यांना नऊ दिवस अंथरुणात काढावे लागले. हिल्डेब्रांट यांना रात्रीच उलट्या सुरू झाल्या आणि पुढचे तीन-चार आठवडे त्रास राहिला.

इथे मेख लक्षात घ्या. बियर यांच्या अंगात औषध गेलंच नव्हतं, फक्त पाणी गळलं होतं, तरी डोकं दुखलं. म्हणजे दोष निव्वळ औषधाचा नव्हता. पाणी गळाल्यामुळे असं होत असावं, हा अंदाज बियर यांनी तेव्हाच बांधला.

आज तेच मुख्य कारण मानलं जातं. सुईने मणक्याभोवतीच्या पडद्याला भोक पडतं, तिथून पाणी झिरपतं, मेंदूला असलेला आधार कमी होतो. बसलं की मेंदू किंचित खाली ओढला जातो, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं दुखतं. तरुण बायकांमध्ये हे जास्त दिसतं, म्हणून सिझेरियननंतर याची चर्चा जास्त होते.

पुढे सुया बारीक झाल्या. पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया आल्या, त्यामुळे हा त्रास खूप कमी झाला. तरीही झाला तर बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप थांबतो. फारच असेल तर पेशंटचंच थोडं रक्त कमरेत त्या भोकाजवळ सोडतात. ते गोठून गळती बंद होते. याला ब्लड पॅच म्हणतात.

बियर मात्र इथेच थांबले नाहीत. १९०७ ला ते बर्लिनला प्रोफेसर झाले. १९०८ साली दंडाला पट्टा आवळून शिरेतून हात बधिर करायची पद्धत त्यांनी आणली, ती आजही बियर ब्लॉक म्हणून ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांना स्टीलचं हेल्मेट मिळालं, त्यामागेही त्यांचा हात होता. १९३७ मध्ये त्यांनी हिटलरच्या सरकारचा राष्ट्रीय पुरस्कारही घेतला, हीसुद्धा त्यांच्या आयुष्याची एक बाजू. उतारवयात ते सावेन इथल्या आपल्या जंगलात रमले आणि १२ मार्च १९४९ ला तिथेच वारले.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिझेरियननंतरची प्रत्येक डोकेदुखी सुईमुळेच असते असं नाही. आडवं होऊनही डोकं दुखत असेल, नजर अंधुक होत असेल, बीपी वाढलं असेल, ताप येऊन मान आखडली असेल, झटका आला असेल किंवा हातपाय लुळे पडत असतील, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. बाळंतपणानंतरही वाढणारं बीपी, मेंदूच्या शिरेतली रक्ताची गाठ किंवा इन्फेक्शन यामागे असू शकतं आणि यात उशीर जिवावर बेततो.

आणि नुसतं बसल्यावर दुखत असेल तरी डॉक्टरांना सांगाच. ती बाई नाटक करत नाहीये. सर्जन असलेल्या बियर यांनाही याच दुखण्याने नऊ दिवस आडवं पाडलं होतं.