मेंदूचा चित्रकार

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. पेशींशी माझा संबंध बारावीच्या बायोलॉजीबरोबरच संपला. तरीही यंदाच्या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा मला एका पेशीवाल्यावरच लिहावंसं वाटलं. त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. आपल्या भाषेत सांगायचं तर मेंदूचं वायरिंग पहिल्यांदा नीट उलगडलं ते याने.

काहालचा जन्म १८५२ मध्ये स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील सर्जन आणि शिस्तीचे एकदम कडक. पोरगं मात्र महाउपद्व्यापी! अकराव्या वर्षी या पठ्ठ्याने घरीच तोफ बनवली आणि शेजाऱ्याचं फाटक उडवलं. त्यापायी तुरुंगाची हवाही खाल्ली. दुसरं वेड चित्रकलेचं. वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला आधी केशकर्तनाच्या दुकानात आणि मग जोडे शिवणाऱ्याकडे कामाला लावलं. शेवटी युक्तीही वडिलांनीच काढली. दफनभूमीतून जुनी हाडं गोळा करून ते त्याला शरीररचना शिकवू लागले. हाडांची चित्रं काढता काढता पोरगा मेडिकलकडे वळला.

१८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. सैन्यातर्फे क्यूबाला गेला, तिथे मलेरियाने पार खंगला आणि परत आला. साठवलेल्या पैशांतून त्याने १८७७ मध्ये स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला. घरातच लॅब थाटली.

आता मूळ अडचण काय होती ते बघा. शरीरातली प्रत्येक पेशी आपापल्या कामासाठी घडलेली असते. रक्तातली तांबडी पेशी चपटी, स्नायूची लांबट, तर मेंदूतल्या पेशीला झाडासारख्या असंख्य फांद्या. मेंदूचा काप न रंगवता पाहिला तर धड काही दिसत नाही. सगळाच रंगवला तर फांद्यांचा नुसता गुंता. इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने १८७३ मध्ये यावर तोड काढली. (हो, गॉल्जी बॉडीवालाच!) पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरलं की मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण त्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत पूर्ण दिसतात.

काहालने असा काप १८८७ मध्ये माद्रिदला पाहिला आणि झपाटल्यासारखा कामाला लागला. त्याने दोन बदल केले. एक, ही रासायनिक प्रक्रिया पुन्हा पुन्हा करून रंग पक्का केला. दुसरा बदल आपल्याला लगेच पटेल. मोठ्या मेंदूतल्या लांब तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, त्यामुळे तिथे रंग नीट चढत नाही. म्हणून त्याने पक्ष्यांची पिल्लं आणि गर्भ निवडले. म्हणजे इन्सुलेशन चढण्याआधीचीच वायर तपासली!

जाड कापात एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते. काहाल फोकसचा स्क्रू पुढेमागे फिरवत एकेक फांदी शेवटापर्यंत शोधायचा आणि हाताने कागदावर उतरवायचा. वडिलांना नको असलेली चित्रकला अशी कामी आली.

गॉल्जीचं म्हणणं होतं की मेंदू म्हणजे सलग जाळं. काहालला मात्र १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत दिसलं की तंतू दुसऱ्या पेशीपाशी येऊन थांबतो, तिच्यात मिसळत नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र. पद्धत एकच, निष्कर्ष मात्र उलटे! हे छापायला त्याने पदरमोड करून स्वतःचं नियतकालिक काढलं. ते स्पॅनिशमध्ये, त्यामुळे बाहेर फारसं कोणी वाचेना. मग १८८९ मध्ये तो स्लाइड्स घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेला आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांना मायक्रोस्कोपपाशी बोलावून दाखवलं. त्या काळचा नामांकित शास्त्रज्ञ कोलिकर याला ते पटलं. १८९१ मध्ये या पेशीला न्यूरॉन हे नाव मिळालं.

१९०६ चं नोबेल गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. गंमत म्हणजे गॉल्जीने तिथल्या भाषणातही न्यूरॉनच्या सिद्धान्ताला विरोधच केला.

मला खरी कमाल वाटते ती पुढेच. दोन न्यूरॉनमधली फट साधारण २० नॅनोमीटरची. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणजे काहालला ती फट कधीच दिसली नव्हती. हजारो तंतूंची टोकं पाहून, चितारून त्याने ती ओळखली होती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती १९५० च्या दशकात दिसली, पण तोवर काहाल हयात नव्हता. १९३४ मध्ये माद्रिदला त्याचं निधन झालं होतं. काही न्यूरॉन सूक्ष्म वाहिन्यांनी जोडलेले असतात हेही पुढे कळलं, पण पेशी स्वतंत्र ही गोष्ट टिकली.

तेव्हा मित्रहो, सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधून जर्नल आणून ग्राफ छापताना एवढंच आठवा : गॉल्जी आणि काहाल, दोघांकडे रीडिंग्ज सारखीच होती. फरक पडला तो स्वतः बघत बसण्याने.